माझे कोपरे कुणी गोल केले?

मित्रांनो, मला पाहिले की माणसांना काहीतरी खायचे आठवते. कुणाला अंडे, कुणाला फुगलेला पाव, कुणाला हॅमचा डबा. मी यांपैकी काहीच नाही. मी मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचा एक जुना ट्रेलर आहे. आत दोन माणसांचा पलंग, एक घडीचे टेबल, एक शेगडी आणि भांडी ठेवायला कपाटे. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा. पुढून गोल, मागून गोल. हा गोलपणा कुठून आला, यावर आजवर इतकी माणसे इतके बोलली आहेत की माझ्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म इंडियानाच्या उत्तर भागातल्या एका शेतावर झाला. महायुद्ध नुकतेच संपले होते. शेत म्हाताऱ्या एमॉस लाउक्सचे. त्याची मुलगी इर्मा, जावई डेल्बर्ट आणि धाकटा मुलगा वेंडेल. डेल्बर्ट स्वयंपाकघराची कपाटे बनवण्याच्या कारखान्यात सुतार होता. वेंडेल युद्धात विमानांची इंजिने दुरुस्त करून परत आला होता आणि आता काय करावे हे त्याला सुचत नव्हते. इर्माला डोंगर बघायचे होते. तिने जन्मभर सपाट जमीन आणि मक्याची शेते पाहिली होती. हॉटेलात राहण्याइतकी ऐपत नाही, तेव्हा आपण चाकांवरची खोली बांधू, असे डेल्बर्टने ठरवले. मेव्हण्याने हातभार लावला.

हिवाळ्यात बाहेर काम करणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मला एमॉसच्या कोठारात बांधले. ते कोठार वरच्या मजल्यावर होते आणि दारापर्यंत मातीचा उतार चढवलेला होता. गवताच्या गाड्या त्यावरून वर येत. तेव्हा मी चौकोनी होतो. चांगला उंच, सरळ, कपाटासारखा. डेल्बर्टला कपाटेच येत होती.

वसंत ऋतूत बर्फ वितळला आणि मला बाहेर काढायचा दिवस आला. मोटार उताराला लागली, तसे माझे नाक खाली झुकले आणि मागचा वरचा कोपरा उचलला जाऊन कोठाराच्या दारावरच्या तुळईला अडकला. मग मला फिरवून उलटे ओढून पाहिले. आता पुढचा कोपरा अडकला. डेल्बर्ट टोपी काढून डोके खाजवत उभा राहिला. वेंडेल म्हणाला की वरची तुळई थोडी कापू. तेवढ्यात एमॉस आला. त्याने सांगितले की ही तुळई त्याच्या आजोबांनी चढवली आहे आणि तिचा एक ढलपाही कुणी काढायचा नाही.

मग इर्मा म्हणाली, “तुळई राहू दे. खोक्याचे कोपरे कापा.”

तसे ते कापले. तिरके कापल्यावर मी फारच विद्रूप दिसू लागलो, म्हणून डेल्बर्टने पातळ प्लायवुड ओले करून वाकवले आणि जखमेवर पट्टी बांधावी तसे त्या जागी बसवले. मित्रांनो, माझ्या गोलपणाची कथा एवढीच आहे. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण कापला गेलो तो मी.

दुसऱ्यांदा ओढल्यावर मी सुखरूप बाहेर पडलो आणि डेल्बर्टने मला पत्र्यात मढवले. त्यानंतरची उन्हाळ्याची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. दरवर्षी इर्मा आणि डेल्बर्ट मला घेऊन पश्चिमेकडे जात. कोलोरॅडोच्या घाटात मोटारीचे पाणी उकळायचे, मग आम्ही कडेला थांबायचो. डेल्बर्ट झाकण उघडून वाट बघत बसायचा आणि इर्मा माझ्या पायरीवर बसून डोंगर बघायची. एकदा मोटार थंड होऊन बराच वेळ झाला, तरी ती उठली नाही. त्यानेही तिला उठवले नाही.

तळावर मुक्काम पडला की शेजारचे लोक कॉफीचे मग घेऊन माझ्याभोवती जमत आणि माझ्या आकारावर चर्चा सुरू होई. ओहायोचा एक खाटीक म्हणायचा, हा डबाबंद मांसाचा डबा बघूनच बनवलेला आहे. कोंबड्या पाळणारी एक बाई म्हणाली, अंड्यासारखा भक्कम आकार जगात दुसरा नाही, हे मोठमोठ्या लोकांना आता कळायला लागले आहे. एका पाद्र्याला मी बायबलमधल्या योनाला गिळणारा मासा वाटलो, आणि दार तोंडाऐवजी शेपटीकडे आहे हे पाहून त्याने आपला सिद्धांत मुकाट्याने मागे घेतला. डेल्बर्ट प्रत्येकाला म्हणायचा, “असेल, असेल.”

ते गेले की इर्मा त्याच्यावर चिडायची. “तू सगळ्यांनाच हो म्हणतोस.”

“त्यांना बरं वाटतं,” तो म्हणायचा. “आपलं काय जातं?”

पण एका माणसाचे म्हणणे तिला सहन झाले नाही, आणि तो माणूस तिचा भाऊ होता. गावच्या वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. शेजारी वेंडेल उभा. खाली लिहिले होते की युद्धातल्या विमानांच्या अभ्यासातून या तरुणाने वारा कापत जाणारा ट्रेलर साकारला आहे. डेल्बर्टचे नाव नव्हते. इर्माचे असण्याचा प्रश्नच नव्हता. लवकरच वेंडेलला भांडवल देणारे भेटले, एल्कहार्टला त्याचा कारखाना उभा राहिला आणि तिथून गोल नाकाचे ट्रेलर बाहेर पडू लागले. त्या कारखान्याच्या दरवाजातून हत्तीसुद्धा आरामात गेला असता, तरी कोपरे मात्र माझ्यासारखेच कापलेले.

वेंडेलने डेल्बर्टला मुकादमाची जागा देऊ केली. डेल्बर्ट कदाचित गेलाही असता. इर्माने भावाला दारातच सांगितले की माझ्या नवऱ्याची वस्तू स्वतःच्या नावावर सांगतोस आणि वर त्यालाच नोकरीवर ठेवतोस, तेव्हा आता या घराची पायरी चढू नकोस. तो चढला नाही. डेल्बर्टच्या अंत्यविधीला तो आला, पण चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि तिथूनच परत गेला. इर्माने त्याला पाहिले होते. ती वळली नाही.

डेल्बर्ट गेल्यावर मला कुणी जोडले नाही. शेडच्या मागे माझी चाके मातीत रुतली. प्लायवुड जिथे वाकवून जोडले होते तिथून पाणी झिरपू लागले. कपाटात उंदरांनी घर केले. एका हिवाळ्यात शेजाऱ्याच्या कोंबड्या आत येऊन राहिल्या आणि मला वाटले, ती अंड्यांवाली बाई अखेर खरी ठरली. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. कुणीतरी आत होते.

अशी बरीच वर्षे गेली. मग एका शरद ऋतूतल्या दुपारी दोन माणसे शेताच्या रस्त्याने आली. एक गावच्या छोट्या संग्रहालयाचा प्रमुख, प्रुइट नावाचा नम्र गृहस्थ. दुसरा काठी टेकत चालणारा वेंडेल. प्रुइटने इर्माला विनंती केली की जिल्ह्यातला पहिला गोल ट्रेलर संग्रहालयाला द्यावा. ते मला दुरुस्त करतील, छपराखाली ठेवतील. शेजारी पाटी लागेल: विमानाच्या आकारावरून रचना, वेंडेल लाउक्स.

इर्मा माझ्याकडे बघत राहिली. आणखी एक हिवाळा मी काढला नसता, हे तिला दिसत होते. नाही म्हणावे तर मी कुजणार. हो म्हणावे तर ती पाटी कायमची लागणार.

ती म्हणाली, “वेंडेल, निदान या माणसासमोर तरी खरं सांग. कोठाराचं दार सांग.”

वेंडेल गोंधळून तिच्याकडे बघू लागला. “कुठलं दार, ताई?”

तो नाटक करत नव्हता. मी त्याचा चेहरा जवळून पाहत होतो. विमानाची गोष्ट त्याने इतक्या लोकांना, इतक्या वर्षांत सांगितली होती की तिच्या खालचे सगळे पुसून गेले होते. इर्मालाही ते कळले असावे. ज्याच्यावर ती इतकी वर्षे रागावली होती, त्याला राग कशाचा हेच आठवत नव्हते. ती माझ्या पायरीवर बसली. प्रुइटने पाणी आणू का म्हणून विचारले. तिने मान हलवली आणि शेजाऱ्याला ट्रॅक्टर घेऊन बोलवायला सांगितले.

माझी चाके मातीतून काढायला बराच वेळ गेला. मग ट्रॅक्टरने मला तो जुना उतार चढवला आणि कोठारात मागे ढकलले. आत गवताचा तोच वास होता. इर्माने वेंडेलला दाराशी उभे केले आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितले, आता हळू बाहेर काढ. नाक खाली झुकले, पाठ उचलली गेली आणि माझा गोल मागचा भाग तुळईखालून सुटला. मध्ये बोटभर जागा राहिली असेल.

वेंडेलने काठीने ती तुळई ठोकून पाहिली.

“बाबा इथे उभे होते,” तो म्हणाला. “याच जागी. आपण हा बाहेर काढला तेव्हा.”

“होते.”

“हसले होते ते. म्हणाले, जावयाने पाव भाजलाय की घर बांधलंय? सुताराला कोपरासुद्धा धड ठेवता येत नाही.” वेंडेल थांबला. “डेल्बर्ट खाली मान घालून उभा होता, ताई. तू रडायच्या बेतात होतीस.”

इर्मा त्याच्याकडे बघू लागली.

“तेव्हा मी म्हटलं, बाबा, विमानं अशीच असतात. वारा कापतात. आम्ही मुद्दाम असा बांधलाय.” तो म्हणाला. “आणि ते गप्प बसले. त्यांनी विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं ना.”

मित्रांनो, मी तिथे होतो. हे सगळे घडले होते, शब्दन् शब्द. मलाही त्याचा विसर पडला होता, कारण मला फक्त करवत लक्षात राहिली. इर्मालाही तिची तुळई लक्षात राहिली होती, बापाचे हसणे नाही. आणि वेंडेलला त्याचे विमान तेवढे लक्षात राहिले, ते कुणासाठी उडवले होते हे विसरून.

“त्या दिवशी रात्री मी तुझ्यासाठी जास्तीचं जेवण वाढलं होतं,” इर्मा हळूच म्हणाली. “आता आठवतंय. का ते तुला सांगितलं नव्हतं.”

“मी खाल्लं होतं,” वेंडेल म्हणाला.

पुढचे बोलणे फारसे झाले नाही. वर्तमानपत्रात डेल्बर्टचे नाव का सांगितले नाहीस, असे तिने विचारलेच. तो म्हणाला, त्यांनी विचारलं नाही आणि मला तेव्हा फार बरं वाटत होतं. तिने हे उत्तर ऐकून घेतले. माफ केले, असे काही ती म्हणाली नाही. पण तिच्या घराशी आल्यावर त्याने पायरीपाशी पाऊल थांबवले, तेव्हा ती म्हणाली, “ये ना आत. कॉफी थंड होईल.”

संग्रहालयाने शब्द पाळला. माझे कुजलेले प्लायवुड बदलले, पत्रा घासून चकचकीत केला, उंदीर घालवले. पाटीचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. प्रुइट दोघांना घेऊन बसला. इर्मा म्हणाली, विमान लिहा, माझ्या भावाने ते उगाच म्हटलं नव्हतं. वेंडेल म्हणाला, मुळीच नाही, कोठाराचं दार लिहा आणि डेल्बर्टचं नाव वर घाला. ती म्हणाली, तू नेहमीच हट्टी होतास. तो म्हणाला, तू कमी नाहीस. प्रुइट दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला. अखेर त्याने पाटीवर फक्त एवढेच छापले: ‘घरगुती बांधणी. इर्मा, डेल्बर्ट आणि वेंडेल.’ आकाराबद्दल एक अक्षरही नाही.

त्यामुळे आता येणारा प्रत्येक जण स्वतःच्या मनाने ठरवतो. परवा एका शाळकरी मुलीने मैत्रिणीला सांगितले की ट्रेलर धुताना आकसला असणार. मला ते पटले नाही, पण सुचले छान.

इर्मा आणि वेंडेल जिवंत होते तोवर रविवारी चर्चनंतर दोघे यायचे. आत बसायला मनाई आहे, माझ्यासमोर दोर बांधलेला आहे. वेंडेल तो दोर काठीने वर धरायचा आणि इर्मा खाली वाकून आत शिरायची. ती आधी सगळ्या खिडक्या उघडायची, मग घडीचे टेबल उघडून त्यावर सँडविच ठेवायची. रखवालदार दुसरीकडे बघायचा. आता दोघेही नाहीत. पत्रा चमकतो, पाणी गळत नाही, खिडक्या मात्र बंदच असतात आणि आत कोंदट वास साठत चालला आहे.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. तुमच्या घरीही आजोबांची एखादी जुनी वस्तू पुसूनबिसून कपाटावर ठेवलेली असेल. ती खाली काढा. वापरा. तिच्यावर बसा, तिच्यात जेवा, थोडी खराब झाली तर दुरुस्त करा. ती कशी बनली हे घरातल्या म्हाताऱ्यांना एकट्या-एकट्याला विचारू नका, दोघांना समोरासमोर बसवून विचारा. आणि इंडियानाला आलात, रखवालदार दुसरीकडे बघत असला, तर माझी एक खिडकी तेवढी उघडून जा.