मिस्त्रींच्या पाठीतला करंट

दोन

“दहापैकी किती?” टेक्निशियन बाईंनी विचारलं.

“दुखणं दोन,” मिस्त्री म्हणाले. “पण बाई, करंट जास्त झालाय. डोळे गळतायत. सकाळपासून हा तिसरा रुमाल.”

“रडताय तुम्ही, बाबा,” मुलगी म्हणाली.

“रडतोय कुठे? गळतंय.”

चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला तेल कुठून गळतंय हे वासावरून कळायचं. आता त्यांच्याच मणक्यापाशी तार, कमरेत कातडीखाली करंट सोडून कळ दाबणारं काड्यापेटीएवढं यंत्र. महिन्यापूर्वी ते बसवलं आणि पाठीचं नऊ वर्षांचं दुखणं दटावलेल्या कुत्र्यासारखं कोपऱ्यात जाऊन बसलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा मिस्त्रींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नातलग म्हणाले, दगड आहे मेला.

आठ

बाईंनी यंत्र बंद करून त्यांना तासभर बाकावर बसवलं. कळ आली, ओळखीच्या वाटेने मांडीत उतरली. डोळे कोरडे झाले.

“बघा!” मिस्त्री दात आवळून म्हणाले. “फॉल्ट यंत्रातच आहे.”

डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसले. “काका, नऊ वर्षं तुमचा मेंदू त्या पाठीच्या दिमतीला होता. दुसरं काही आत घ्यायला सवडच नव्हती त्याला. आता जरा मोकळा झालाय. या काळात घरातलं कोणी गेलं का?”

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली.

“झेपत नसेल तर बंद ठेवू. गोळ्या आहेतच.”

मिस्त्रींनी खिशातला रुमाल काढून मांडीवर ठेवला.

“चालू करा,” ते म्हणाले.

शून्य

“तुझी आई शेवटी काय म्हणाली गं?” घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं.

“बाबा, तुम्ही घरातच होतात की.”

“होतो. बाजूच्या खोलीत छताकडे बघत पडलेलो. तिचं खोकणंसुद्धा आठवत नाही मला. पाठ तेवढी आठवते.”

मुलीने चप्पल काढायला वाकल्यासारखं केलं. “मी म्हटलं, बाबांना बोलावू? तर म्हणाली, राहू दे. त्यांना बसवत नाही.”

“मग?”

“मग काय. दाराकडे बघत होती.”

मिस्त्री तिच्या खोलीत गेले. रिकाम्या खाटेच्या उशाशी जमिनीवर मांडी घालून बसले. बाहेर दिवे लागले, मुलगी दोनदा डोकावून गेली. पाठ एकदाही बोलली नाही.