गव्हाणीचा पहिला नंबर

खिडकीची काच फुटली आणि पाठोपाठ गाडीवान सहादेव आत घुसला. साखर कारखान्याच्या यार्डातल्या कारकुनाला, गहिनीनाथला, त्याने खुर्चीसकट भिंतीवर ढकलले आणि तोंडावर ठोसा हाणला.

"माझ्या मागून आलेल्या गाड्या गव्हाणीवर गेल्या, आन् माझा नंबर शून्य? बैलं बसली माझी. ऊस वाळून चालला."

दुसरा ठोसा कानशिलावर बसला. बाहेरून गाडीवान ओरडले, "हान त्याला." वॉचमन उत्तमराव धावत आला. त्याने सहादेवच्या गुडघ्यावर काठी घातली आणि तो कोसळल्यावरही मारतच राहिला.

"बास करा, उत्तमराव," गहिनीनाथ म्हणाला. ओठातले रक्त हनुवटीवर ओघळले होते. "सगळ्यांनाच शून्य आलंय. चूक आमची आहे."

सहादेवला ओढत बाहेर नेले. गहिनीनाथने खुर्ची सरळ केली.

कारखान्यात कॉम्प्युटर येऊन दुसराच हंगाम होता. ज्याचा ऊस आधी तोडलेला, त्याची गाडी आधी गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकायच्या पट्ट्यावर. त्यामुळे नंबर तोडणीच्या तारखेवरून निघे. तीच फाईल शेती विभागातही उघडलेली असे. तिथल्या वृषालीने काल, भरायच्या राहून गेलेल्या तारखा नंबरावरून काढण्याचे सूत्र टाकले होते. आता तारीख नंबराची वाट पाहत होती आणि नंबर तारखेची. कॉम्प्युटरने इशारा दिला होता. दोघांनीही तो न वाचता बंद केला होता. सगळीकडे शून्य दिसू लागले, तसे दांडगे गाडीवान पुढे घुसले.

गहिनीनाथने फोन लावला. "वृषालीताई, तारखांचं सूत्र काढा. पावत्यांवरच्या तारखा हातानं टाका."

"तुम्हाला मारलं का हो, सर?"

"आधी तारखा टाका."

थोड्या वेळाने नंबर उमटू लागले. सर्वांत जुना ऊस सहादेवचा होता.

उत्तमराव खांद्यावरून वाकून पाहत होता. "ह्याला शेवटी ढकला, साहेब. एक तारीख बदलली की झालं. जिरंल त्याची."

गहिनीनाथची बोटे कळफलकावर थांबली. ओठ ठणकत होता.

"त्याचा ऊस आधी तोडलाय," तो म्हणाला आणि त्याने माईक ओढला.

सुजलेल्या ओठांतून नाव नीट निघाले नाही. रक्त गिळून त्याने ते पुन्हा पुकारले.

आवारात सहादेव हातांवर जोर देऊन उठू लागला. गुडघा टेकताच खाली बसला. त्याची बायको रतनबाई बैलांकडे गेली आणि एकटीनेच जू उचलू लागली.

तिची गाडी हलेपर्यंत गहिनीनाथने दुसरा नंबर पुकारला नाही.