रविवारी चालणारे पाय

आमच्या बाहुलीवाल्याच्या बाहुल्या इतक्या जिवंत, की एका नाट्यगृहाच्या दारवानाने शेवटच्या रांगेत बसवलेल्या बाहुलीला तिकीट विचारलं होतं. ती गप्प राहिली, तर हा माणूस चिडून मॅनेजरला घेऊन आला, आणि मॅनेजरने तिची माफी मागितली. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढचं वाचूच नये. पुढचं याहून अवघड आहे, आणि ते भर कोर्टात घडलेलं आहे.

बाहुल्यांची पेटी मांडीवर घेऊन हा बसथांब्यावर बसला होता. एक मोटार फुटपाथ चढून आली. पेटीला ओरखडा नाही, आतल्या राणीचा मुकुटसुद्धा जागच्या जागी. याचा मात्र कणा मोडला आणि आतला मज्जारज्जू तुटला. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "कमरेखालचं आता परत यायचं नाही. उठवणं, बसवणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याने करायचं. जन्मभर."

त्या जन्मभरासाठी दावा लावला होता, मोटारीच्या विमा कंपनीवर. मदतनीस हवा, हवेची गादी हवी, औषधं हवीत. तोवर सगळं बायको एकटी करत होती, आणि उचलून उचलून तिचीही पाठ बोलायला लागली होती. भरपाई मिळाली तर घर उभं राहणार होतं. नाही मिळाली तर नवऱ्यापाठोपाठ बायकोही आडवी.

तारखेला आम्ही शेजारीपाजारी मागच्या बाकांवर बसलो होतो. कंपनीच्या वकिलांची कॉलर इतकी कडक, की मान वळवायची तर त्यांना अख्खं वळावं लागे. ते वळले आणि म्हणाले, "न्यायाधीशबाई, एक चित्रफीत दाखवायची आहे."

पडद्यावर एक खोली आली. खिडकीबाहेरून चोरून टिपलेली. मिणमिणता दिवा, मागे काळा पडदा, आणि आमचा बाहुलीवाला दारापासून खिडकीपर्यंत चालतोय! डावा पाय, उजवा पाय. खिडकीशी आल्यावर बेट्याने चक्क एक गिरकी घेतली.

कोर्टातला पंखासुद्धा दचकून थांबला. वीज गेली असेल म्हणा, पण थांबला. याच्या स्वतःच्या वकिलांना कायम सर्दी. त्यांची अर्धी आलेली शिंक तिथेच विरली. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या अशिलाकडे ते असे बघायला लागले, जणू शेजारी भूत बसलंय.

"दावा खोटा आहे," कडक कॉलर म्हणाली. "आणि हे मी म्हणत नाही. साक्षीदाराला बोलवा."

दार उघडलं. ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून, बाहुलीवाल्याची आई आत आली.

"आई!" तो ओरडला. "तू? यांच्याकडून?"

"यांच्याकडून कशाला? खरं सांगायला आलेय," म्हातारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढत म्हणाली. "आणि कोर्टात ओरडू नये, बाळ."

"तुमचा मुलगा चालतो का?" वकिलांनी विचारलं.

"चालतो म्हणजे? दर रविवारी! मी थोरलीकडे राहते, रविवारी याच्याकडे येते. संध्याकाळी चालून दाखवतो. आमच्या गल्लीतल्या बेकरीत रांगेतल्या सगळ्यांना मी सांगितलंय. तिथेच तर हे कोपऱ्यात बसलेले तुमचे गृहस्थ भेटले, फार चौकशी करत होते. भला माणूस. पाव स्वतः उचलून घरी पोचवले."

मागच्या बाकावर कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. तो माझाच असावा.

आता यातली मेख सांगतो. अपघातानंतर आईने मुलाला खुर्चीत पाहिलं आणि अन्न सोडलं. काही केल्या घास गिळेना. तेव्हा हा बोलून गेला, "आई, जेव. पुढच्या रविवारी चालून दाखवतो." बोलून बसला, आणि मग जे येत होतं ते केलं. छताला लोखंडी दांडी, तिला कप्प्या, शर्टाच्या आत पट्टा, पायांना दोर. पडद्यामागे बायको. यांच्या धंद्यात दोर काजळीने काळे करतात, पडदाही काळा लावतात. दोर दिसला तर खेळ मेला, हा यांचा धर्म. आईला सांगायचं, "लांबच बस, जवळ आलीस की माझा तोल जातो." तिने उभ्या आयुष्यात मुलाचा एक खेळ पाहिला नव्हता, बाहुल्या नाचवणं म्हणजे रिकामपणचे उद्योग, असं तिचं मत. ती बसायची लांब, डोळे पुसायची आणि दोन घास जास्त जेवायची.

दुसऱ्या कोणी असलं सोंग केलं असतं तर खिडकीतून दोर दिसलेच असते. पण यांचे हात चांगलं काम करायला सोकावलेले. इतकं चांगलं केलं, की कॅमेऱ्यालाही दिसलं नाही.

"काही सांगायचंय?" न्यायाधीशबाईंनी बाहुलीवाल्याला विचारलं. "डॉक्टरांचे कागद एक सांगतात, ही चित्रफीत दुसरंच. गप्प राहिलात तर दावा जाईल, आणि फसवणुकीचा खटला वेगळा."

तो आईकडेच बघत होता.

"अहो, सांगा!" बायको तोंडावर पदर दाबून पुटपुटली.

"ती पुन्हा जेवायची नाही गं."

"आणि मी? मी रोज उचलते, ते कोणाला दिसणारच नाही का कधी?"

हे ऐकून त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "न्यायाधीशबाई, दाखवतो. सामान घरून आणावं लागेल. पण आधी माझ्या आईला बाहेर न्या."

"मी नाही जायची," म्हातारी म्हणाली. "माझ्या पोराचं चालणं इथे सगळे बघणार, आणि मी बाहेर पायऱ्यांवर बसू?"

दुपारनंतर कोर्टात दांडी उभी राहिली, काळा पडदा लागला. बायको पडद्यामागे गेली. बाहुलीवाला उठला आणि चालायला लागला. डावा पाय, उजवा पाय. मी शपथेवर सांगतो, खेळ काय ते मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. पट्टेवाला दारातून दोन पावलं मागे सरला. म्हातारी पिंजऱ्याचा कठडा धरून हसत होती. "बघा! बघा हो!"

तेवढ्यात त्याने मान वळवून बायकोला सांगितलं, "पडदा काढ."

पडदा गेला. मागे बायको, घामाने डबडबलेली, दोन्ही हातांत दोर, कमरेला दोर, एक दोर दातांत धरलेला.

"आता पायांचे सोड."

तिने सोडले. शर्टाच्या आतला पट्टा होता म्हणून तो पडला नाही. पण खालचे दोन पाय दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या विजारीसारखे लोंबायला लागले. जरा इकडे, जरा तिकडे. आणि मग थांबले.

कडक कॉलरवाले उभे होते ते खाली बसले. पाव उचलून देणारा तो पाळतीवरचा माणूस कोपऱ्यात आपले बूट बघत राहिला. म्हातारीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. ते काढून घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

न्यायाधीशबाई हळूच म्हणाल्या, "आजी, तुमची साक्ष अजून संपलेली नाही. थोडा वेळ घ्या. पण मला विचारावंच लागेल. तुमचा मुलगा चालतो का?"

तिने मुलाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते.

"नाही," ती म्हणाली. "नाही चालत."

टंकलेखकाचं यंत्र तेवढं वाजलं.

मग कोणाला न विचारता ती पिंजऱ्यातून खाली उतरली. बायको दोर हळूहळू सोडून त्याला खुर्चीत बसवत होती. त्याचा एक पाय बाहेर तिरका पडला होता. म्हातारी वाकली आणि तो उचलून खुर्चीच्या फळीवर ठेवायला गेली. अपघातानंतर तिने त्या पायाला हात लावला तो पहिल्यांदाच. एका हाताने उचलेना, तिने दुसरा लावला. तरी उचलेना.

"अगं बाई," ती सुनेकडे बघत म्हणाली, "एवढं जड तू रोज उचलतेस?"

सुनेने मान हलवली. तिच्या दातांत तो दोर अजून तसाच होता.

"लिहून घ्या हो," म्हातारी टंकलेखकाला म्हणाली. "हेही लिहून घ्या." आणि खाली बसून तिने दुसऱ्या पायाला दोन्ही हात घातले. "धर गं पलीकडून."