दोनदा दाबलं तर

घरात उंदीर निघाला की कसाई खुर्चीवर चढून बसायचा. तोच माणूस रविवारी दुपारी चामड्याचा एप्रन बांधून कुस्तीच्या रिंगमध्ये उतरला की सभागृहातली झाडून सगळी माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. 'कसाई' हे त्याचं रिंगमधलं नाव, आणि काम खलनायकाचं. पंचाची पाठ वळली की मागून लाथ घालायची, समोरच्याच्या डोळ्यांत भुकटी फेकायची आणि शेवटी सपाटून मार खाऊन हरायचं. कोण जिंकणार हे खेळाचा मालक आधीच ठरवून ठेवायचा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग तिकीट काढतं! पण पडणं मात्र खरं असायचं. लाकडी फळ्या, त्यावर बोटभर जाडीची गादी आणि वर ताणलेलं कापड. उभी हयात त्यावर पाठ आपटलेल्या माणसाला कुणी 'सगळं खोटंच असतं म्हणे' असं विचारलं, की त्या शहाण्याला एकदा उचलून दाखवावं असं कसायाला फार वाटे. उचललं मात्र कधी कुणाला नाही.

त्या धंद्यात त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. त्याच्या हाती दिलेला माणूस जसा आला तसा घरी जायचा. नवी पोरं पहिल्या लढतीला मालकाकडे हट्ट धरायची, 'मला कसाईच द्या.' ओठ फुटणं, दात हलणं इतरांकडे नेहमीचं होतं. कसायाच्या हातून कधी कुणाचं नखही दुखावलं नव्हतं, आणि याचा त्याला गर्व होता. मोठा गर्व होता.

आईवडील लवकर गेल्यावर धाकट्या बहिणीला त्याने तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आणि जगात इतकी सरळ माणसं असताना ती नेमकी पडली राजकुमाराच्या प्रेमात. राजकुमार म्हणजे सोनेरी झगा घालून येणारा, केस मागे उडवणारा, दर रविवारी कसायाला लोळवणारा नायक. "मी ज्याच्या छातीवर नाचतो, त्याला आता जावईबापू म्हणायचं होय?" कसाई कुरकुरला. पण लग्न त्यानेच लावून दिलं. बहिणीने एकच अट घातली होती. "दादा, मोठ्या लढती त्याने तुझ्याशीच करायच्या. तो तुझ्या हातात असतो तेव्हाच माझ्या घशाखाली घास उतरतो." ती स्वतः सभागृहात कधी पाऊल टाकायची नाही.

कसायाचा एक डाव लोकांना भारी प्रिय होता. त्याला 'खुंटी' म्हणत. समोरच्याची मान उजव्या काखेत दाबायची, त्याला उलटा उचलायचा, खुंटीला टांगल्यासारखा क्षणभर तसाच धरायचा आणि पाठीवर आपटायचा. काखेत डोकं असल्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि आरडाओरड्यात काही ऐकूही येत नाही. म्हणून उचलण्याआधी कसाई डाव्या हातात त्याचा हात घ्यायचा आणि दाबायचा. म्हणजे, ठीक आहेस ना? समोरच्याने एकदा दाबलं तर उचल. दोनदा दाबलं तर थांब. बाहेर सगळं सोंग, शिव्या, थयथयाट; पण त्या दाबण्यात कुणी कधी थट्टा केली नाही. एवढीच एक गोष्ट त्या रिंगमध्ये खरी होती, आणि प्रेक्षकांना तिचा पत्ता नव्हता.

गेल्या हिवाळ्यात कसायाच्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली. मग शेजारचं बोट, मग हळूहळू सगळा तळवा. शर्टाचं बटण लावायला त्याला आरशासमोर उभं राहावं लागे. बोटं दिसली तरच ती काय करताहेत हे कळायचं. डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली आहे, आता आदळआपट बंद. कसाई 'बरं' म्हणून बाहेर आला आणि कुणाला काही बोलला नाही. हातात पकड अजून होती. जाणीव तेवढी गेली होती. पकड असली की पुरे, असं त्याने स्वतःला समजावलं. माणसाला स्वतःइतकं सहज कोण फसतं?

आणि आता राहिली होती एकच लढत. त्या धंद्याची एक रीत होती, धंदा सोडून जाणाऱ्याने हरून जायचं. मागे राहणाऱ्याच्या हातून पडायचं, म्हणजे आपलं जे काही नाव असेल ते त्याच्याकडे जातं. कसायाला राजकुमाराच्या हातून पडून घरी जायचं होतं. हाताचं सांगितलं असतं तर मालकाने लढतच रद्द केली असती, आणि कसायाला दाराशी सत्कार करून वाटेला लावलं असतं. ते त्याला नको होतं. एका रविवारचा तर प्रश्न!

आदल्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेला असताना त्याच्या हातून कप निसटला. तिने फरशी पुसता पुसता वर पाहिलं.

"दादा, हाताला काय झालंय?"

"म्हातारपण झालंय. तुझ्या नवऱ्याला सांग, उद्या म्हाताऱ्याला जरा बेताने मार."

"तो काय मारतो? पण तू मला खरं सांग."

"अगं, तुझे कपच गुळगुळीत," तो म्हणाला, आणि ती हसली.

रविवारी कपडे बदलायच्या खोलीत राजकुमार झग्याचे बंद बांधत होता. लढत दोघांनी तोंडी बोलून घेतली. नेहमीप्रमाणे राजकुमाराने शेवटी विचारलं, "खुंटी ठेवायची ना, दादा? की गाळू या? आज काय, तू म्हणशील ते."

वेळ होती. 'गाळू या' एवढाच शब्द पुरला असता; 'का?' म्हणून विचारणाऱ्यातला राजकुमार नव्हता. कसाई बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला, "ठेवायची. लोक तेवढ्यासाठीच येतात."

लढत चांगली रंगली. कसायाने भुकटी फेकली, लोक खवळले, एका आजीबाईंनी छत्री उगारली. मग राजकुमार दोरावर चढला आणि उडी मारताना त्याचा पाय किंचित घसरला. तो खांद्यावर न पडता मानेवर पडला. उठायला त्याने वेळ घेतला, मान धरून डुलत उभा राहिला. कसायाच्या मनात आलं, वा जावईबापू, आज जीव ओतून काम करताय! निरोपाची लढत म्हणून त्याला भरूनही आलं.

त्याने राजकुमाराची मान काखेत घेतली. डाव्या हातात त्याचा हात धरला आणि दाबला. उत्तर कळणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने मान वळवून खाली पाहिलं, आरशात बटणं बघायचा तसंच. वरचे दिवे डोळ्यांत घुसत होते. राजकुमाराची बोटं मिटलेली दिसली. एकदा मिटली, की मिटून उघडून पुन्हा मिटली? लोक ओरडत होते, खुंटी! खुंटी! कसायाने 'एकदाच' असं मानलं आणि उचललं.

पडण्याचा आवाजच वेगळा आला. तो आवाज ओळखायला त्याला कान पुरले.

ठरल्याप्रमाणे राजकुमाराने आता उठायचं होतं. लोक 'ऊठ! ऊठ!' म्हणून टाळ्यांचा ताल धरत होते. कसाई गुरगुरल्याचं सोंग करत त्याच्यावर वाकला. "ऊठ रे. ऊठ माझ्या राजा."

"दादा," राजकुमार म्हणाला, "माझे पाय कुठेत?"

पंचाने हात वर करून मनगटांची फुली केली. खरोखर लागलं आहे, अशी ती धंद्यातली खूण. लोकांना तोही खेळच वाटला. त्यांनी आणखी टाळ्या दिल्या. मग स्ट्रेचर आलं आणि सभागृह गप्प झालं. कुणीतरी बाटली फेकली, ती कसायाच्या कपाळावर बसली. उभ्या आयुष्यात लोकांनी त्याला दिलेल्या शिव्यांपैकी आजची एकही वाया गेली नाही. आणि नियमाने बघायचं तर तो जिंकला होता. हरून जायला आलेला माणूस जिंकून घरी गेला.

इस्पितळात राजकुमाराच्या मानेभोवती ताठ पट्टा होता. छातीच्या खालचं काहीच त्याच्या मालकीचं उरलं नव्हतं. हातांचं डॉक्टर नक्की सांगत नव्हते. बहीण उशाशी बसून होती. कसाई दारातच थांबला, तेव्हा तिनेच उठून त्याला आत ओढलं.

"असा चोरासारखा काय उभा? तुझी काय चूक, दादा? तू होतास म्हणून जिवंत तरी हाती आला. दुसरा कुणी असता तर..."

कसायाच्या तोंडाशी आलं होतं, सगळं आलं होतं. ते त्याने गिळलं आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसला. त्याने उजव्या हातात, जाणीव असलेल्या हातात, राजकुमाराचा हात घेतला. बहीण चहा आणायला गेली. रुमालात धरून वाफाळता स्टीलचा पेला घेऊन आली आणि तो त्याच्या रिकाम्या हातात दिला.

"दादा," राजकुमार छताकडे बघत म्हणाला, "मी एकदा दाबलं की दोनदा, मला आठवतच नाही. डोकं सुन्न झालं होतं. एकदाच दाबलं असणार. चूक माझीच. तुझ्याकडून असं होत नाही."

कसायाने त्याची बोटं आपल्या मुठीत सारखी केली.

"आता दाबतोय बघ. लागतंय?"

उजव्या हातातला तो हात ओल्या कापडासारखा निपचित पडला होता.

"लागतंय की," कसाई म्हणाला.

"किती वेळा?"

"एकदा."

राजकुमाराने डोळे मिटून घेतले. "दोनदा दाबलं मी," तो म्हणाला.

बहिणीने नवऱ्याच्या डोळ्यांच्या कडा रुमालाने टिपल्या, आणि रुमाल घडी करताना तिची नजर भावाच्या डाव्या हाताकडे गेली. पेला त्याने मुठीत गच्च धरला होता. अजून वाफ येत होती.

"दादा, तो पेला मला रुमालातूनही धरवत नव्हता."

कसायाने खाली पाहिलं. बहिणीने त्याची बोटं एकेक करून सोडवली, पेला बाजूला ठेवला आणि त्याचा तळवा उजेडात उलटा केला. कातडी लालभडक झाली होती. मग तिने हात सोडून दिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गेल्या हिवाळ्यापासून," कसाई म्हणाला.