लायलने आणलेला कूलर

ऑरिनने घट्ट बसवलेला कूलर पुन्हा सैल केला, बोटभर डावीकडे सरकवला आणि मान तिरकी करून बघत राहिला. मघाशी होता तिथेही तो बरोबरच होता. पिकअपच्या रेडिएटरच्या पुढे एवढीशी जाळी उभी करायची, गिअरबॉक्सचं तापलेलं तेल तिच्यातून फिरवून गार करायचं, एवढंच तर काम. वायोमिंगच्या त्या खोऱ्यात घोड्यांचा ट्रेलर ओढणारा कुणीही ते एका दुपारात उरकतो. ऑरिनने त्यात अख्खा मे महिना घालवला होता.

आधी म्हणाला, रेडिएटर धुवायला हवा. मग नळ्या हलक्या निघाल्या, नव्या मागवाव्या लागल्या. मग कंबर धरली. त्याची सून मार्ला वाट बघत होती. तिची खोकी बांधून तयार होती. घाटापलीकडे, आयडाहोत, बहिणीकडे घोड्यांची सोय झाली होती, तिथल्या शाळेत नोकरीही. अडलं होतं ते फक्त या पिकअपपाशी. आणि पिकअप गेली की या घरात ऑरिनशिवाय कुणी उरणार नव्हतं.

कूलर आणला होता लायलने, ऑरिनच्या मुलाने. ‘बर्फ पडायच्या आत बसवू, म्हाताऱ्या,’ म्हणत त्याने खोका फळीवर टाकला आणि ऑक्टोबरात तसाच घोडे घेऊन घाटात गेला. चढावर गिअरबॉक्स तापून बसला. खाली उतरून वाकून बघत असताना मागून आलेल्या लाकडांच्या ट्रकला तो वळणावर दिसलाच नाही. लायल जागीच गेला. पिकअपचा एक आरसा गेला फक्त. पुढे गिअरबॉक्स नवा बसला, आरसाही नवा बसला.

तेव्हापासून लायल गॅरेजमध्ये असायचाच. दार उघडलं की केबिनमधून त्याच्या पुदिन्याच्या तंबाखूचा वास यायचा, हिवाळा उलटून गेला तरी. काम करता करता ऑरिन हात मागे करायचा आणि कुणीतरी त्यात पाना ठेवेल म्हणून थांबायचा. वेडेपणा आहे हे त्याला कळायचं. तरी थांबायचा. ड्रायव्हरची सीट लायलच्या लांब टांगांसाठी पार मागे सरकवलेली होती, तीही तशीच. मार्ला पाठीमागे जाडजूड उशी घेऊन गाडी चालवायची. सीट पुढे घे, असं ऑरिन कधी म्हणाला नाही, आणि तिनेही कधी घेतली नाही.

मार्ला कॉफी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

“ऑरिन, तो मघाशीच बरोबर बसला होता.”

“मागे घोड्यांचं वजन असतं. हादऱ्यांनी सैल होतो.”

“तुम्ही बसवलेलं काही सैल होत नाही.” कप त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, “मी थांबल्याने तो परत येणार असता, तर मी जन्मभर इथेच राहिले असते हो.”

कॉफी ऑरिनने बंपरवर ठेवली, ती तिथेच गार झाली.

मग त्याने कूलर आवळला. आता गिअरबॉक्सकडे परतणारं तेल कुठल्या बाजूने येतं ते बघायचं राहिलं होतं, कारण कूलर त्या परतीच्या वाटेवरच जोडायचा. त्याला दोन माणसं लागतात. एकाने नळी सोडवून खाली डबा धरायचा, दुसऱ्याने क्षणभर इंजिन चालू करायचं. मार्ला केबिनमध्ये चढली. ऑरिन गाडीखाली आडवा झाला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ओरडला,

“लायल, मार सेल्फ.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले. त्याने डोळे मिटून घेतले. वर काहीच हललं नाही. आता ती उतरून घरात निघून जाईल, असं त्याला वाटलं.

इंजिन सुरू झालं. तेलाची लाल चिळकांडी डब्यात पडली.

“बस.”

इंजिन थांबलं. मग वरून मार्लाचा आवाज आला. नळी शोधताना प्रत्येक वेळी लायल विचारायचा तेच, त्याच्यासारखं हेल काढून.

“सापडली का, म्हाताऱ्या?”

डब्यातल्या तेलावरचा फेस हळूहळू विरत गेला.

“सापडली रे,” ऑरिन म्हणाला.

उरलेलं काम दुपारच्या आत झालं. त्याने नळ्या जोडल्या, कमी पडलेलं तेल भरलं, गाडी चालू ठेवून पातळी बघितली, प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. कुठेही थेंब नव्हता. हात पुसून त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि मार्लाला जरा उतरायला सांगितलं. उशी काढून काखेत धरली. सीटखालचा दांडा धुळीने अडकला होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. मग सीट करकरत पुढे आली आणि खट्कन बसली.

“बसून बघ, पोरी.”

मार्ला बसली. तिचे पाय नीट पोचले. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि समोर बघत राहिली. ऑरिनने दार हलकेच लावलं. उशी त्याच्या काखेतच होती.