बरोबरीत सोडलेली कुस्ती

बदलापूर गावातल्या हरिचंद्र वस्तादांच्या तालमीत एक रीत होती. जत्रेच्या आखाड्यात तालमीतल्याच दोघांची जोड लागली, तर कुणी कुणाला चीत करायचं नाही. थोडा वेळ झोंबायचं, लोकांना चार डाव दाखवायचे आणि वस्तादांनी हात वर केला की कुस्ती बरोबरीत सोडायची. आठवीत तालमीत आलेली तेजस्वी आधी हे शिकली. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, नंतर.

शाळेकडून ती जिल्ह्याला जिंकली, अकरावीत विभागाला. वडील अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे प्रत्येक स्पर्धेला तिची बॅग वस्तादच उचलायचे. हरली तरी रागवायचे नाहीत. "जेवलीस का बाय?" एवढंच विचारायचे. पुढे ती उल्हासनगरच्या कॉलेजात गेली आणि तिच्या मागोमाग तालमीतलीच ऋतिकाही. दोघी सत्तावन्न किलोच्या. आधीची दोन वर्षं तेजस्वीची गुडघ्याच्या दुखण्यापायी गेली होती, हे कॉलेजचं शेवटचं. आणि विद्यापीठाच्या स्पर्धेला एका वजनात कॉलेजची एकच मुलगी जाणार होती.

निवड चाचणीच्या सकाळी वस्तादांनी तिला बाजूला घेतलं.

"बरोबरीत सोडा गो. कॉलेजच्या भूपेश सरांशी बोलणं झालंय माझं. एक सत्तावन्नला जाईल, एक एकोणसाठला. उगाच एकमेकींचे हातपाय कशाला मोडताय?"

"पण मॅटवर बरोबरी कुठे असते, वस्ताद? दोन-दोन झाले तर शेवटचे गुण जिचे, ती जिंकते."

"आता तू मला शिकव!" वस्ताद हसले. "कागदावर कोण का जिंकेना. जाणार दोघी."

पहिल्याच मिनिटाला तेजस्वीने पट काढून दोन गुण घेतले. नंतर ऋतिकाला तिने जवळ येऊच दिलं नाही. कुस्ती संपत आली तसा कडेला उभ्या वस्तादांनी हात वर केला. तेजस्वीने पाय सैल सोडला. ऋतिकाने मागे जाऊन ताबा घेतला. दोन-दोन. पंचांनी ऋतिकाचा हात उचलला.

"काय गं, झोप लागली का तुला?" ऋतिका धापा टाकत म्हणाली. तेजस्वी नुसती हसली आणि सरांकडे गेली.

"सर, एकोणसाठला माझंच नाव ना?"

"एकोणसाठ? वो तो कब का भर गया." भूपेश सर वैतागले होते. "जिंकलेली कुस्ती सोडलीस तू. क्या हुआ था तेरे को?"

"वस्ताद बोलले होते ना तुमच्याशी?"

"माझ्याशी? कुणी नाही बोललं, बेटा."

वस्ताद गेटजवळ ऋतिकाच्या वडिलांबरोबर चहा पीत होते. तेजस्वीला येताना पाहून ऋतिकाचे वडील फोन कानाला लावून लांब गेले.

"तालमीची जागा त्यांची आहे," तिने काही विचारायच्या आतच वस्ताद म्हणाले. "बिल्डर मागे लागलाय. पोरगी विद्यापीठाला खेळली तर त्याला जागा देणार नाही म्हणाले. तालमीतली पोरं मी कुठं नेऊ, सांग?"

"मग तसं सांगायचं ना. हरले असते मी."

वस्तादांनी कप खाली ठेवला.

"तालीम माझी नाही का? खोटं कशाला बोललात?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

आठवीपासून या माणसाच्या एका हातवाऱ्यावर ती खेळत आली होती. तिने बॅग उचलली आणि निघाली. जेवलीस का, ते आज त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी ती उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका कुस्ती केंद्रात गेली. तिथल्या कोचनी कुठल्याही तालमीत आधी विचारतात तेच विचारलं, "वस्ताद कोण तुझे?"

"हरिचंद्र. बदलापूर." नाव आपोआप तोंडातून गेलं.

"त्यांना सांगून आलीस?"

"नाही."

"मग कसं घेऊ? दुसऱ्याचा पैलवान त्याच्या शब्दाशिवाय आम्ही घेत नाही. त्यांचा फोन येऊ दे."

तेजस्वीने मोबाइल काढला. वस्तादांचा नंबर वरच होता. तिने मोबाइल परत बॅगेत टाकला.

"नाही येणार फोन," ती म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून आतल्या मुलींचा सराव बघू लागली.