श्वास रोखून धरा

फोटोकाकांनी उभ्या आयुष्यात माणसांचे लाखभर फोटो काढले, पण त्यात चेहरा एकाचाही नव्हता. ते सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात होते, आणि एक्स-रेला लोक फोटोच म्हणत, म्हणून हे नाव पडलं ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. बायकोही त्यांना तिथंच मिळाली. नोकरीच्या तपासणीसाठी छातीचा फोटो काढायला आली होती; काकांनी तिच्या बरगड्या आधी पाहिल्या आणि चेहरा मागाहून. हे ते चारचौघांत सांगतात आणि काकू दर वेळी डोळे वटारतात.

अशा माणसाला परदेशात राहणाऱ्या लेकीनं सहासष्टाव्या वाढदिवसाला जुन्या बाजारातून एक कॅमेरा आणून दिला. रोल घालायचा, हातानं फिरवायचा, काळ्या-पांढऱ्या फोटोंचा. तिला वाटलं, आईबाबा तीन महिने राहायला आलेत, बाबा घरात कंटाळतील, तेवढंच हाताला चाळा. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी गळ्यात कॅमेरा अडकवून बाहेर. ट्रामच्या तारा, दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं, फुटपाथवर पडलेल्या खांबांच्या सावल्या, काही म्हणून सोडलं नाही.

"एवढं रंगीत जग समोर असताना काळं-पांढरं कशाला काढताय?" काकूंनी विचारलं.

"मला तसंच बघायची सवय आहे," काका म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं.

आता काकूंचं दुखणं सांगायला हवं. फोटोत त्यांचे डोळे मिटायचे. लग्नाच्या अल्बममध्ये झोपलेल्या, लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला झोपलेल्या, सहलीत तर धबधब्याखाली उभ्या उभ्या झोपलेल्या. कुणी 'रेडी' म्हटलं की पापण्या खाली आल्याच. डोळे उघडे असलेला एकच फोटो, पासपोर्टवरचा. तो नवव्या खेपेला जमला आणि त्यात त्या पोलिसांनी नुकत्याच धरून आणल्यासारख्या दिसतात.

"मी गेल्यावर तो पासपोर्टवाला भिंतीवर लावू नका हं," एकदा चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या. "झोपलेलाही नको. त्यापेक्षा काहीच लावू नका."

त्या हसत म्हणाल्या, पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं गावाच्या बरगड्या काढल्या आणि घरच्या माणसाचा एक धड फोटो नाही? समोरचा चहा गार झाला. परतीच्या विमानाला नऊ दिवस होते. त्याआधी उघड्या डोळ्यांचा, हसरा फोटो काढायचाच, असं त्यांनी ठरवलं. आणि काका एकदा हट्टाला पेटले की त्यांना आवरणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

मग दोघं रोज निघायला लागले. दिवसभराचा पास काढायचा, मिळेल ती गाडी पकडायची, मनाला येईल तिथं उतरायचं. काय दिवस होते ते! गुडघे दुखायचे विसरून काकू जिने चढत होत्या. चौथ्या दिवशी एका तळ्याकाठी काका पाव खात बसले होते, तेवढ्यात एक पांढरा पक्षी आला आणि त्यांच्या हातातला तुकडा घेऊन पसार झाला. काकांचं ते बावळट तोंड पाहून काकू पोट धरधरून हसल्या आणि काकांनी बटण दाबलं.

"मिळाला," ते म्हणाले. "डोळे उघडे होते. मी स्वतः पाहिले."

परतताना गाडीत कॅमेरा त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. रोल धुवायला बाहेर देण्याचा प्रश्नच नव्हता. लाखभर फिल्म धुतलेला माणूस तो, दुसऱ्याच्या हातात देईल? फोटोच्या दुकानातून औषधं आणली, लेकीच्या बाथरूमची खिडकी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांनी बुजवली आणि लाल बल्ब लावला. अगदी रुग्णालयातल्या डार्करूमसारखा लाल उजेड पडल्यावर काकांना घरी आल्यासारखं वाटलं. शिट्टी वाजवत त्यांनी रोल उघडला, धुतला, बाहेर काढला.

छत्तीसच्या छत्तीस फोटो काळे ठिक्कर. ना पक्षी, ना तळं, ना काकू.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी लेकीला बरोबर घेऊन त्यांनी फोटोचं दुकान गाठलं. दुकानवाल्या बाई काकांच्याच वयाच्या. त्यांनी फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली आणि विचारलं, धुताना दिवा कुठला होता? काकांनी मोठ्या अभिमानानं पिशवीतून लाल बल्ब काढून दाखवला. बाईंनी कपाळाला हात लावला आणि बराच वेळ बोलत राहिल्या.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुमच्या एक्स-रेच्या फिल्मला लाल उजेड कळत नव्हता. हिला कळतो. हिला मिट्ट काळोख लागतो. लाल दिवा नंतर, कागदावर फोटो उमटवताना."

म्हणजे चाळीस वर्षांची सवयच नडली होती. नवशिक्यानं ही चूक केली नसती. त्यानं आधी विचारलं असतं.

काकू ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मी हसले तेवढं खरं." याहून ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी नवा रोल घेतला. हातात तीन दिवस उरले होते. फिल्म धुण्याआधी ती काळोखात चाचपडत एका चकतीवर गुंडाळावी लागते. त्याचा सराव त्यांनी त्या वाया गेलेल्या काळ्या रोलवरच केला, जेवणाच्या टेबलाशी बसून, डोळे गच्च मिटून.

"आता तुमचेही मिटले का?" काकू म्हणाल्या. घरात दोन दिवसांनी हसू ऐकू आलं.

शेवटून दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा तळ्याकाठी. पाव पुढे करून काका तासभर बसले, पण पक्षी ढुंकून बघेना. त्यांनी विनोद सांगितले, तोंडं वेडीवाकडी केली, मोबाइलवर गावाकडच्या नातवाचं बोबडं बोलणं ऐकवलं. काकू हसायच्या, आणि कॅमेरा वर झाला की पापण्या खाली. पस्तीस फोटो संपले. उरला एक. ऊन कलायला लागलं होतं.

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. दमले होते बिचारे. 'रेडी' म्हणायचं भान राहिलं नाही, आणि चाळीस वर्षं रोज म्हटलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"श्वास घ्या. रोखून धरा."

एक्केचाळीस वर्षांनी काकूंनी ते वाक्य पुन्हा ऐकलं. त्यांनी छातीभर श्वास घेतला, रोखला, आणि श्वासाबरोबर हसूही आत कोंडलं गेलं. डोळे हे एवढे मोठे झाले. काकांनी बटण दाबलं.

"सोडा," ते म्हणाले. मग मात्र काकू अशा हसत सुटल्या, की दोघांची परतीची गाडी चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये दिवा नव्हता, शिट्टीही नव्हती. मिट्ट काळोखात काकांची बोटं बरोबर चालली. दुपारी दुकानवाल्या बाईंनी आपली मागची खोली उघडून दिली आणि लाल दिवा लावला. या खेपेला तो चालणार होता. काका-काकू ट्रेवर वाकून उभे राहिले. औषधात कोरा कागद पडला होता. आधी केस उमटले. मग भुवया, मग गळ्याची घडी. मग दोन डोळे आले, टक्क उघडे, आणि खाली ते कोंडलेलं हसू.

शेजारी काही आवाज येईना म्हणून काकांनी वळून पाहिलं. काकू श्वास रोखून उभ्या होत्या.

"सोडा आता," काका म्हणाले.

काकूंनी श्वास सोडला आणि पदरानं डोळे पुसले.

"घरी गेल्या गेल्या भिंतीवर लावा," त्या म्हणाल्या. "मी असतानाच. मलाही बघायचाय."